झोपेचा वर्ग

प्रस्तावना

महाभारताच्या उद्योगपर्वात 'प्रजागर पर्व' या नावाचे एक उपपर्व आहे. प्रजागर म्हणजे जागरण, झोप न लागणे. पांडवांकडे दूत म्हणून गेलेला संजय परत येतो, धृतराष्ट्राला चार कठोर शब्द ऐकवतो आणि 'सविस्तर निरोप उद्या सभेत सांगेन' असे म्हणून निघून जातो. राजाची झोप उडते. तो विदुराला बोलावून घेतो आणि रात्रभर त्याच्याशी बोलत राहतो. 'विदुरनीती' या नावाने प्रसिद्ध असलेला उपदेश हे त्या एका जागरणाचे फळ होय.

ज्या हस्तिनापुरात ही रात्र सरली, ते स्थान आजच्या उत्तर प्रदेशातील मेरठ जिल्ह्यात, म्हणजे दिल्लीभोवतीच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मानले जाते. या क्षेत्रातील दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद, गुरुग्राम या शहरांतून आजही रात्री अडीच-तीन वाजता कितीतरी माणसे अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडलेली असतात. राजाच्या हाकेला विदुर धावून आला. सामान्य माणसाच्या हाकेला कोण येणार? या प्रश्नाला अलीकडच्या काळात मिळालेल्या एका उत्तराची ओळख या पाठात करून घ्यायची आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही
• निद्रानाश म्हणजे काय व तो का टिकून राहतो, हे सांगू शकाल;
• निद्रानाशावरील बोधात्मक वर्तनोपचाराची मुख्य अंगे स्पष्ट करू शकाल;
• हा उपचार गटाने आणि इंटरनेटच्या साहाय्याने घेण्याचे लाभ व मर्यादा यांची चर्चा करू शकाल.

निद्रानाश कशाला म्हणावे?

एखाद्या रात्री झोप न लागणे हा आजार नव्हे. परीक्षा, प्रवास, घरातील आजारपण अशा प्रसंगी कोणाचीही झोप उडते आणि प्रसंग सरला की परत येते. झोप लागण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणे, मध्यरात्री जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे किंवा पहाटे फार लवकर जाग येणे असे आठवड्यातून किमान तीन रात्री घडत असेल, ते तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ चालू असेल आणि त्यामुळे दिवसाच्या कामावर परिणाम होत असेल, तर वैद्यकशास्त्र त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणते.

या व्याख्येत आणखी एक अट आहे. झोपण्यास पुरेसा वेळ आणि योग्य जागा उपलब्ध असूनही झोप येत नसेल, तरच तो निद्रानाश होय. जून २०२४ मध्ये दिल्लीत सफदरजंग येथील वेधशाळेत एका रात्रीचे किमान तापमान ३५.२ अंश सेल्सिअस इतके नोंदले गेले. अशा रात्री पत्र्याच्या खोलीत तळमळणाऱ्या मजुराला निद्रानाशाचा रोगी म्हणणे योग्य ठरणार नाही. त्याला हवा असतो वारा आणि थंडावा. त्याचप्रमाणे गुरुग्राममधील कॉल सेंटरात रात्रपाळी करून सकाळी गोंगाटात झोपू पाहणाऱ्या तरुणाचे दुखणेही वेगळे असते. कारण ओळखल्याशिवाय उपाय ठरवू नये, हा येथील पहिला धडा आहे.

झोपेची भूक आणि झोपेचे घड्याळ

झोप येते कशी, हे समजले म्हणजे ती का रुसते हेही समजू लागते. स्विस शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली याचे एक सोपे चित्र मांडले. त्यांच्या मते झोपेवर दोन शक्तींचे नियंत्रण असते.

पहिली शक्ती झोपेच्या भुकेची. माणूस जितका अधिक वेळ जागा राहतो, तितकी ही भूक वाढत जाते. जागेपणी मेंदूत अडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते व त्यामुळे पेंग येऊ लागते. चहा-कॉफीतील कॅफीन या द्रव्याचे कार्य रोखून धरते. सायंकाळच्या चहाने तरतरी येते आणि रात्रीची झोप लांबते, ती यामुळेच. दुपारी दोन तास झोपणे म्हणजे जेवणापूर्वी पोटभर फराळ करण्यासारखे आहे.

दुसरी शक्ती शरीरातील घड्याळाची. हे घड्याळ साधारण चोवीस तासांचे असून सूर्यप्रकाशाने ते रोज जुळवले जाते. पेशींमध्ये हे घड्याळ कसे चालते, याचा उलगडा केल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दररोज ठरावीक वेळी उठून उजेडात आल्यास हे घड्याळ नियमित राहते. उठण्याची वेळ रोज बदलत गेली, की त्याचा मेळ बिघडतो.

निद्रानाश टिकून का राहतो?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये या प्रश्नाचे उत्तर दिले. त्यांनी निद्रानाशाच्या कारणांचे तीन गट केले: मुळात असलेली प्रवृत्ती, तो सुरू करणारे कारण आणि तो टिकवून ठेवणारे कारण.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, दिल्लीच्या करोल बागेत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातील पन्नाशीच्या ताई आहेत. स्वभाव पहिल्यापासून काळजी करण्याचा. ही झाली प्रवृत्ती. दोन वर्षांपूर्वी यजमानांवर शस्त्रक्रिया झाली आणि रुग्णालयात रात्री जागून काढाव्या लागल्या. हे झाले सुरुवातीचे कारण. यजमान बरे होऊन कामावर जाऊ लागले. ताईंची झोप मात्र परतली नाही.

असे का व्हावे? गेलेली झोप भरून काढण्यासाठी ताई रात्री दहालाच अंथरुणावर पडू लागल्या आणि सकाळी सातपर्यंत पडून राहू लागल्या. दुपारी टीव्हीसमोर डोळा लागू लागला. अंगात त्राण राहत नाही म्हणून चहाचे कप वाढले. रात्री जाग आली की भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून 'आता चारच तास उरले' असा हिशेब सुरू होई. हे सारे त्या झोप मिळावी म्हणूनच करीत होत्या. परंतु नऊ तास अंथरुणात राहिल्याने झोपेची भूक विखुरली गेली आणि अंथरुणाचे नाते विश्रांतीऐवजी काळजीशी जुळले. सायंकाळी पलंगाकडे पाहूनच त्यांना धास्ती वाटू लागली.

निद्रानाशाचे मर्म येथे आहे. तो ज्या कारणाने सुरू होतो, ते कारण पुष्कळदा कधीच संपलेले असते. त्याला जिवंत ठेवतात ते त्याला घालवण्यासाठी केलेले आपलेच प्रयत्न. एरवी प्रयत्नाने साधत नाही असे जीवनात थोडेच असते. झोप ही त्यांपैकी एक होय. ती ओढून आणता येत नाही, तिच्यासाठी फक्त जागा करून देता येते. आणि जे सवयीने जडले, ते शिकून सोडताही येते. बोधात्मक वर्तनोपचार या विश्वासावर उभा आहे.

उपचाराची अंगे

'बोध' म्हणजे आपले विचार व समजुती, आणि 'वर्तन' म्हणजे आपली कृती. दोन्ही तपासून बदलण्याच्या या पद्धतीला 'कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी' किंवा संक्षेपाने 'सीबीटी' असेही म्हणतात. या विचारामागे अमेरिकेतील अल्बर्ट एलिस व एरन बेक यांचे कार्य आहे. एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा परिचय मराठी वाचकांना मुंबईचे कि. मो. फडके यांच्या लेखनातून झाला. निद्रानाशासाठी या उपचाराची पुढील अंगे सांगितली जातात.

१. झोपेची नोंदवही. रोज सकाळी उठल्यावर, काल किती वाजता अंथरुणावर गेलो, अंदाजे किती वेळात झोप लागली, किती वेळा जाग आली, किती वाजता उठलो, याची नोंद करायची. रात्री घड्याळ पाहायचे नाही. अंदाज पुरेसा असतो. पुढील सर्व निर्णय या वहीवरून होतात.

२. अंथरूण आणि झोप यांचे नाते. रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये यासंबंधीचे नियम सुचवले. पेंग आल्यावरच आडवे व्हावे. सुमारे वीस मिनिटांत झोप लागली नाही असे वाटल्यास उठून दुसरीकडे बसावे आणि पेंग आल्यावरच परतावे. अंथरुणात बसून जेवण, हिशेब, मोबाइल व काळजी करू नये. आपल्याकडे सकाळी उठताच अंथरूण गुंडाळून ठेवण्याची जुनी रीत आहे. अंथरूण केवळ रात्रीसाठी आणि केवळ झोपेसाठी, हा बूट्झिन यांचा नियम त्या रीतीत सहज पाळला जात असे. दिवसभर मांडलेल्या पलंगाने तो मोडला. एकाच खोलीच्या घरात दुसरी खोली नसते हे खरे. तेथे अंथरुणावरून उठून चटईवर किंवा खुर्चीवर बसले तरी हेतू साधतो.

३. अंथरुणातील वेळेला मर्यादा. स्पीलमन यांनी सुचवलेले हे अंग ऐकताना उलटे वाटते. परंतु परिणामाच्या दृष्टीने ते फार महत्त्वाचे आहे. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. येथे झोप पाहून अंथरूण पसरायचे असते. ताईंच्या वहीवरून हिशेब करू. त्या रात्री दहा ते सकाळी सात, म्हणजे नऊ तास अंथरुणात असतात. प्रत्यक्ष झोप सरासरी साडेपाच तास होते. साडेपाचला नवाने भागून शंभराने गुणले असता ६१ येतात. ही त्यांच्या झोपेची टक्केवारी. ती ८५ च्या आसपास असावी, अशी अपेक्षा असते. उपचारक त्यांना साडेपाच तासच अंथरुणात राहण्यास सांगतात. उठण्याची वेळ सकाळी सहा ही पक्की ठरते. म्हणून रात्री साडेबारापूर्वी आडवे व्हायचे नाही. पहिला आठवडा कठीण जातो. परंतु दिवसभर साठलेली भूक रात्री एकवटते. आठवड्याअखेर ताई साडेपाच तासांपैकी पाच तास झोपलेल्या असतात आणि टक्केवारी ९१ होते. मग झोपण्याची वेळ पंधरा मिनिटे अलीकडे, म्हणजे सव्वाबारावर येते. अशा रीतीने दर आठवड्याला हिशेब पाहून, झोप सलग होत जाईल तशी वेळ वाढवत न्यायची. अंथरुणातील वेळ पाच तासांहून कमी करू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे.

४. विचारांची तपासणी. 'आठ तास झोप झाली नाही तर उद्याचा दिवस वाया जाईल', 'असेच चालले तर मला मोठा आजार होईल' असे विचार मध्यरात्री पुराव्याशिवाय खरे वाटतात. उपचारक त्यांना सरळ खोटे ठरवत नाहीत, तपासायला लावतात. मागच्या आठवड्यात तीन रात्री झोप अपुरी झाली, त्यानंतरच्या तीन दिवसांत स्वयंपाक, बाजार, कार्यालय यांपैकी खरोखर काय अडले? बहुधा उत्तर येते, की थकवा आला, तरी दिवस पार पडला. ही जाणीव झाली की भीतीची धार बोथट होते. आणि भीती ओसरली की झोपेची वाट मोकळी होते.

५. शिथिलीकरण व दिनचर्या. अमेरिकन वैद्य एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्नायू क्रमाक्रमाने ताणून सैल सोडण्याची रीत विकसित केली. ती येथे शिकवली जाते. त्याच्या जोडीला दुपारनंतर चहा-कॉफी टाळणे, सकाळी उजेडात फिरणे, झोपण्याची जागा अंधारी व शांत ठेवणे हे नियम असतात. मात्र केवळ हे नियम सांगणे म्हणजे उपचार नव्हे. दीर्घकालीन निद्रानाशात एकट्या त्यांच्यावर विसंबू नये, असे अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे.

गोळी की अभ्यास?

झोपेची गोळी लवकर गुण देते. पुष्कळांना ती सोपी वाटते. काही प्रसंगी, थोड्या दिवसांसाठी, वैद्यांच्या देखरेखीखाली तिचा उपयोगही होतो. परंतु कित्येक गोळ्यांची सवय लागते, काही काळाने तेवढ्याच मात्रेने काम भागत नाही, आणि वृद्धांमध्ये तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. म्हणूनच भारतात अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारखी औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी असून औषधविक्रेत्याला त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून बोधात्मक वर्तनोपचाराचीच शिफारस केली. पुढच्या वर्षी युरोपातील तज्ज्ञांनीही तोच निष्कर्ष काढला. गोळीचा परिणाम गोळीबरोबर संपतो. शिकलेली गोष्ट मात्र शिकणाऱ्याजवळ राहते.

दिल्लीत या उपचाराचा अभ्यास झालेला आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे 'एम्स'मध्ये, डॉ. करुणा दत्ता, डॉ. मंजरी त्रिपाठी, डॉ. हृदानंद मल्लिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकालीन निद्रानाशाच्या ४१ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला बोधात्मक वर्तनोपचार दिला आणि दुसऱ्याला योगनिद्रा शिकवली. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांतील रुग्णांची झोप सुधारल्याचे त्यात आढळले. संख्या लहान असल्याने त्यावरून अंतिम निर्णय देता येणार नाही. परंतु आपल्याकडील परंपरागत साधना आणि आधुनिक मानसोपचार यांना एकाच कसोटीवर पारखण्याचा हा प्रयत्न लक्षात घेण्याजोगा आहे.

एकट्याचे दुखणे, अनेकांचा वर्ग

उपचार इतका गुणकारी असेल, तर तो सर्वांना का मिळत नाही? कारण तो जाणणाऱ्या प्रशिक्षित व्यक्ती थोड्या आहेत आणि त्या मोठ्या शहरांत एकवटल्या आहेत. एका उपचारकाने एका वेळी एकाच रुग्णाला पाहिले, तर रांग संपणार नाही. या अडचणीतून गटाची कल्पना पुढे येते.

गटाने उपचार करण्याची कल्पना जुनी आहे. जोसेफ प्रॅट या वैद्यांनी १९०५ मध्ये बॉस्टन येथे गरीब क्षयरोग्यांना एकत्र बसवून आरोग्याचे धडे देण्यास आरंभ केला. रोग्यांनी आपापल्या वह्या आणाव्यात, एकमेकांची प्रगती ऐकावी, अशी त्यांची रीत होती. ते त्याला 'वर्ग'च म्हणत. महाराष्ट्रात १९८६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानेही गटातील मोकळ्या बोलण्याची शक्ती दाखवून दिली आहे.

निद्रानाशाच्या गटात साधारण पाच ते दहा जण असतात. आठवड्यातून एकदा तास-दीड तास याप्रमाणे चार ते आठ बैठका होतात. प्रत्येक बैठकीत एक अंग शिकवले जाते, वह्या पाहिल्या जातात आणि पुढील आठवड्याचा गृहपाठ दिला जातो. उपचार सर्वांना सारखाच शिकवता येतो, कारण निद्रानाश टिकवून ठेवणाऱ्या सवयी बहुतेकांमध्ये सारख्या असतात.

गटाचा खरा लाभ मात्र संख्येपलीकडचा आहे. रात्री जागणारा माणूस आपण एकटेच जागे आहोत असे समजतो. घरातील माणसे निवांत झोपलेली असतात. सकाळी त्यांना काय सांगणार? आपल्या कल्पित ताई अशा वर्गात बसल्या आहेत असे समजू. फरिदाबादचे एक निवृत्त कारकून सांगतात, की घड्याळाचा आवाज सोसवेना म्हणून त्यांनी घड्याळच उतरवून ठेवले. त्यावर ताई म्हणतात, "काका, मी तर रात्री तीनदा उठून आमच्या घड्याळात किती वाजले ते पाहते!" सगळे हसतात. ज्या गोष्टीची लाज वाटत होती, ती गोष्ट हसण्यासारखी झाली, की तिचे ओझे निम्मे होते. शिवाय पुढच्या बैठकीत वही दाखवायची आहे, ही जाणीव साडेबारापर्यंत जागे राहण्याच्या कठीण आठवड्यात मोठा आधार देते.

पडद्यावरील वर्ग

दिल्लीत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाण्यात दोन तास सहज जातात. थकलेल्या माणसाने सायंकाळी नोकरीवरून सुटून रुग्णालय गाठावे, तर उपचारच नव्या थकव्याचे कारण ठरेल. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी लागू झाली. त्याच वेळी, २५ मार्च २०२० रोजी, दूरवैद्यकसेवेसंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे भारतात प्रसिद्ध झाली. इंटरनेटवरून सल्ला देण्याच्या पद्धतीला त्यामुळे निश्चित चौकट मिळाली.

अशा वर्गात प्रत्येक जण आपल्या घरातूनच मोबाइल किंवा संगणकावर उपस्थित राहतो. उपचारक व सहाध्यायी पडद्यावर दिसतात, बोलता येते, वही दाखवता येते. हा उपचार प्रत्यक्ष भेटीइतका उपयोगी ठरतो का, याचा अभ्यास झाला आहे. अमेरिकेतील मिशिगन येथे केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, व्हिडिओद्वारे दिलेला हा उपचार समोरासमोरच्या उपचाराहून कमी परिणामकारक नसल्याचे आढळले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या माजी सैनिकांवरील दुसऱ्या अभ्यासातही तसाच निष्कर्ष निघाला. यांशिवाय उपचारकाविना, केवळ संगणकीय धड्यांतून शिकवणारे कार्यक्रमही निघाले आहेत. ब्रिटनमधील 'नाइस' या शासकीय संस्थेने २०२२ मध्ये अशा एका कार्यक्रमाची शिफारस केली. मात्र मार्गदर्शक माणूस सोबत असला, की अभ्यास अर्ध्यावर सोडण्याचे प्रमाण कमी होते, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. शाळेच्या भिंतींबाहेर राहून, घरच्या वेळेत, स्वतःच्या वहीवर अभ्यास करता येतो, ही गोष्ट १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय स्थापन झाल्यापासून असंख्य प्रौढांनी सिद्ध केली आहे. झोपेचा वर्ग हेही एक दूरशिक्षणच आहे. धडे थोडे असतात. खरा अभ्यास दोन बैठकींमधील सात रात्रींत होतो.

पडद्यावरील वर्गाचा आणखी एक लाभ भाषेचा आहे. मध्यरात्रीची भीती माणूस मातृभाषेत अनुभवतो. ती परक्या भाषेत सांगताना अर्धी हरवते. दिल्लीतील मराठी माणसाला नागपूर किंवा नाशिकच्या मराठी गटात घरबसल्या सामील होता येणे, हे या माध्यमामुळे शक्य होते.

मर्यादा आणि सावधगिरी

कोणताही उपचार सर्वांसाठी नसतो. घरात एकच मोबाइल असेल आणि तो मुलाकडे असेल, तर आईने वर्गात कसे बसावे? एका खोलीत सासू-सासरे, मुले असताना मन मोकळे कसे करावे? पडद्यावरील वर्ग अंतर मिटवतो, घरातील दाटी मिटवत नाही. यावर एक उपाय म्हणजे वर्गाची वेळ गटाने मिळून ठरवणे. गटात ऐकलेले बाहेर बोलायचे नाही, हा नियम तर प्रत्येकाने पाळलाच पाहिजे.

पुढील बाबींत विशेष काळजी घ्यावी:
• मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे अशी लक्षणे असल्यास प्रथम डॉक्टरांकडून तपासणी करावी. दक्षिण दिल्लीतील ३० ते ६५ वर्षे वयाच्या लोकांच्या पाहणीत, २००९ मध्ये, सुमारे ९ टक्के व्यक्तींमध्ये झोपेत श्वास अडखळण्याचा विकार आढळला होता. त्यावरील उपचार वेगळा असतो.
• अपस्मार किंवा उन्माद-अवसाद यांसारखा विकार असल्यास अंथरुणातील वेळ स्वतःहून कमी करू नये. अपुऱ्या झोपेने असे विकार बळावतात.
• वाहन किंवा यंत्र चालवणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यांतील पेंगेचा धोका ओळखून उपचारकांना आधी सांगावे.
• चालू असलेली झोपेची गोळी एकाएकी बंद करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी.
• झोप नसण्याबरोबर जगण्यात रस न वाटणे, जीव नकोसा होणे असे विचार येत असल्यास विलंब न करता मदत घ्यावी. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली मानस' या शासकीय सेवेचा दूरध्वनी क्रमांक १४४१६ असून ती मराठीतही बोलते. दिल्लीत एम्स, तसेच दिलशाद गार्डन येथील 'इहबास' या संस्थेत मानसोपचाराची सोय आहे.

समारोप

प्रजागर पर्वाचा शेवट फारसा कोणी सांगत नाही. रात्रभर विदुराचे ऐकल्यावर धृतराष्ट्र म्हणतो, की तू सांगतोस ते मला पटते. परंतु दुर्योधन समोर आला की माझी बुद्धी पुन्हा फिरते. उपदेशात उणीव नव्हती, ऐकणाऱ्याची समजही कमी नव्हती. दुसऱ्या दिवशी वेगळे वागण्यासाठी जो आधार लागतो, तो मात्र राजाजवळ नव्हता.

निद्रानाशाचेही असेच आहे. अंथरुणात जागे पडू नये, घड्याळ पाहू नये, हे एकदा ऐकून पटते; रात्री दोन वाजता उबदार पांघरूण सोडून उठताना ते आठवत नाही. म्हणून 'बोधा'ला 'वर्तना'ची आणि एकट्याला गटाची जोड दिली जाते. पुढच्या बैठकीत कोणीतरी वही मागणार आहे, आणि त्याच क्षणी दुसऱ्या एखाद्या शहरात आपल्यासारखाच कोणी चटईवर येऊन बसला आहे, एवढी जाणीव पांघरूण बाजूला सारायला पुरेशी होते.

शब्दार्थ

प्रजागर – जागरण, झोप नसणे
प्रवृत्ती – मुळातील कल
शिथिलीकरण – ताण सैल सोडणे
सहाध्यायी – बरोबर शिकणारा
अपस्मार – फेफरे, मिरगी
उन्माद-अवसाद – मन कधी अति उत्तेजित तर कधी अति खिन्न होण्याचा विकार

स्वाध्याय

१. दीर्घकालीन निद्रानाश कशाला म्हणतात? रात्रीच्या उकाड्यामुळे न येणारी झोप त्यात का मोडत नाही?
२. 'निद्रानाश घालवण्याचे प्रयत्नच निद्रानाश टिकवतात.' हे विधान पाठातील उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.
३. एक गृहस्थ रात्री साडेनऊ ते सकाळी साडेसहा अंथरुणात असतात व सहा तास झोपतात. त्यांच्या झोपेची टक्केवारी काढा.
४. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' या म्हणीचा मूळ अर्थ सांगा आणि पाठात ती कशी वापरली आहे ते लिहा.
५. तुमच्या घरातील एखाद्या स्त्रीला पडद्यावरील वर्गात बसायचे असेल, तर कोणत्या अडचणी येतील? त्या दूर करण्यासाठी घरातील इतरांना काय करता येईल, ते आठ-दहा ओळींत लिहा.